घरं मिळाली, मतं कुठे गेली?

९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी सोलापुरात आले आणि कुंभारीच्या माळावरच्या ३० हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाची पायाभरणी त्यांच्या हस्ते झाली. घरं कोणाची, तर विडी वळणाऱ्या बायकांची, यंत्रमाग कामगारांची, कचरा वेचणाऱ्यांची. या प्रकल्पामागे वर्षानुवर्षं हात धुऊन लागलेले गृहस्थ म्हणजे नरसय्या आडम, सोलापूरकरांचे आडम मास्तर. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार, सिटू या कामगार संघटनेचे पुढारी आणि तेव्हा पक्षाच्या केंद्रीय समितीचे सदस्य. मास्तरांनी त्या दौऱ्यात मोदींचं आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं कौतुक केलं. मार्च उजाडला तेव्हा पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं होतं.

राजकारण कसं चालतं हे समजून घ्यायला मला हा प्रसंग एखाद्या जाडजूड ग्रंथापेक्षा उपयोगी वाटतो. अमेरिकेच्या राजकारणावरचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, त्यात राजकीय पक्ष, दबावगट आणि प्रसारमाध्यमं ही तीन प्रकरणं ओळीनं येतात. पक्ष निवडणूक लढवतो, कारण त्याला सत्ता हवी असते. दबावगटाला सत्ता नको असते. सत्तेकडून एखादी नेमकी गोष्ट करून हवी असते. कर कमी करा, आयात थांबवा, पेन्शन वाढवा. माध्यमं या दोघांचं म्हणणं लोकांपर्यंत नेतात आणि लोकांचं त्यांच्यापर्यंत, निदान तशी अपेक्षा असते. तिकडे कायद्यानंही या रेघा आखल्या आहेत. पैसे घेऊन लोकप्रतिनिधींचं मन वळवणाऱ्याला १९९५ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते, आपण कोणासाठी काम करतो आणि किती मोबदला घेतो हे जाहीर करावं लागतं. आपल्याकडे असा कायदाच नाही. सोलापुरात तर या तिन्ही भूमिका अनेकदा एकाच माणसानं किंवा एकाच घराण्यानं वठवल्या. आडम मास्तरांना शिक्षा झाली ती त्यांच्यातल्या कामगार पुढाऱ्यानं त्यांच्यातल्या पक्षसदस्यावर मात केली म्हणून.

विडी कामगार म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या बहुतेक घरांमधल्या बायका. मोठा भाग पद्मशाली समाजाचा, घरात तेलुगू बोलणारा, तेलंगणातून हातमाग आणि गिरण्यांच्या ओढीनं इथे येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला. पुरुष मागावर, बाई विडीवर, अशी घराची विभागणी. कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायची, घरी बसून विड्या वळायच्या, हजारावर मजुरी घ्यायची. अशा बायकांची संख्या ६० ते ७० हजार असल्याचं सोलापुरात नेहमी सांगतात. मतदार म्हणून मोजली तर कुठल्याही उमेदवाराच्या तोंडाला पाणी सुटावं अशी ही संख्या आहे. पण घरोघर विखुरलेल्या कामगारांना एकत्र आणणं गिरणी कामगारांना एकत्र आणण्यापेक्षा अवघड असतं. गिरणीच्या दारात उभं राहून भोंग्याच्या वेळी सभा घेता येते. इथे दार म्हणजे हजारो उंबरे. मास्तरांच्या संघटनेनं हे काम तेलुगू बोलत, गल्लीगल्लीत बैठका घेत केलं, आणि आडम १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार झाले.

पहिली मोठी मागणी पुरी झाली २००६ साली. कुंभारीला १० हजार विडी कामगारांची वसाहत उभी राहिली आणि तिला वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं गेलं. केंद्र, राज्य आणि खुद्द कामगार यांच्या वाट्यातून ती घरं झाली. लोकार्पणाला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आले. दुसरा प्रकल्प, म्हणजे रे नगर, पहिल्याच्या तिप्पट. प्रधानमंत्री आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेला बोजा कामगाराचा. १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा देण्यासाठी मोदी पुन्हा आले. म्हणजे एका कम्युनिस्ट संघटनेची मागणी एकदा काँग्रेसच्या पंतप्रधानानं पुरी केली आणि दुसऱ्यांदा भाजपच्या. दबावगट म्हणून पाहिलं तर हे यश दुर्मीळ आहे. सत्ता कोणाचीही असो, काम करून घ्यायचं, ही कुठल्याही मुरलेल्या दबावगटाची रीत असते आणि ती इथे तंतोतंत पाळली गेली.

आता मतांचं बघू.

२००९ साली आडम मास्तर सोलापूर शहर मध्य मतदारसंघातून उभे राहिले आणि काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांच्याकडून हरले. २०१४ ला हरले, २०१९ ला हरले, २०२४ ला हरले. पहिली दहा हजार घरं मिळाल्यानंतर ते एकदाही विधानसभेत गेले नाहीत. ज्यांनी चाव्या दिल्या त्यांचाही हिशेब सरळ लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये भाजपच्या पंतप्रधानांनी चाव्या दिल्या. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा सोलापूरची जागा काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांनी भाजपच्या राम सातपुते यांचा ७४,१९७ मतांनी पराभव करून घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला शहर मध्य भाजपच्या देवेंद्र कोठे यांच्याकडे गेलं. घर देणारा, घर मिळवून देणारा आणि मत मिळवणारा हे तिघे वेगळेच निघाले.

का, याची काही कारणं दिसतात. मागणी पुरी झाली की ती मागणी राहत नाही. घरासाठी मोर्चात चालणारी बाई घरात राहायला गेल्यावर पाण्याच्या नळासाठी नगरसेवकाकडे जाते, मुलाच्या नोकरीसाठी आणखी कोणाकडे. शिवाय दबावगट माणसाची एकच ओळख पकडतो. तुम्ही विडी वळता, एवढंच त्याला पुरतं. पक्षाला मात्र तीच बाई पद्मशाली म्हणून, हिंदू किंवा मुसलमान म्हणून, एका पेठेची रहिवासी म्हणून, लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांची लाभार्थी म्हणूनही दिसते, आणि मतदानाच्या दिवशी यातली कुठली ओळख वर येईल हे युनियनच्या पावतीवर लिहिलेलं नसतं. २००९ च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची फेररचना झाली होती, त्यामुळे जुनी गणितं तशीही मोडली होती. आणि एक विचित्र गोष्ट अशी की कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव आहे. शहर मध्यची हद्द तिथवर पोचत नाही. जी कुटुंबं नव्या घरात नाव नोंदवून राहायला गेली, ती मास्तरांच्या मतदारसंघातूनच बाहेर गेली. माझ्या मते या शेवटच्या कारणाकडे जितकं लक्ष जायला हवं तितकं जात नाही.

अमेरिकेतल्या कामगार संघटनांचा इतिहास निराळा, पण हा पेच तोच. १८८६ साली अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर स्थापन झाली तेव्हापासून तिथल्या मुख्य प्रवाहातल्या संघटनांनी स्वतःचा पक्ष काढायचं टाळलं. आपल्याला मदत करतो तो मित्र, आड येतो तो वैरी, मग पक्ष कुठलाही असो, हे सॅम्युअल गॉम्पर्सचं धोरण. आपल्याकडे उलट झालं. आयटक, इंटक, बीएमएस, सिटू यातली जवळपास प्रत्येक संघटना कुठल्या ना कुठल्या पक्षाच्या किंवा विचारपरिवाराच्या घरात वाढली. पण पक्षापासून अंतर ठेवल्यानं तिथले पुढारी सुखी झाले असं नाही. हवाई वाहतूक नियंत्रकांच्या 'पॅटको' या संघटनेनं १९८० च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांना पाठिंबा दिला. पुढच्याच ऑगस्टमध्ये हे नियंत्रक संपावर गेले आणि रेगन यांनी ११ हजारांहून अधिक जणांना एका फटक्यात कामावरून काढून टाकलं. पाठिंबा देऊन मिळालेलं आश्वासन म्हणजे करार नसतो, हे त्यांना महागात कळलं. २०२४ मध्ये टीमस्टर्स या बलाढ्य वाहतूक कामगार संघटनेनं अध्यक्षपदाच्या कुठल्याच उमेदवाराला पाठिंबा दिला नाही. १९९६ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. पुढाऱ्यांचा ओढा एका पक्षाकडे आणि सभासदांची मतं दुसऱ्याकडे, अशी त्यांची अवस्था झाली होती. सोलापुरात ही अवस्था ओळखीची वाटेल.

मास्तरांना पंतप्रधानांपर्यंत का जावं लागलं, खासदाराकडून काम का झालं नाही, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचं उत्तर आपल्या रचनेत आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ आणि सिनेटमध्ये १०० सभासद. यातला प्रत्येक जण स्वपक्षाविरुद्ध मत देऊ शकतो, देतोही. त्यामुळे तिथल्या दबावगटाला ५३५ दारं ठोठावता येतात आणि एकेका मतासाठी झुंजता येतं. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणाऱ्याचं सभासदत्व जातं. एकट्या खासदाराचं मन वळवून विधेयक अडत नाही की पुढे सरकत नाही. मग जो पैसा, जी निवेदनं, जे मोर्चे तिकडे ५३५ जणांत वाटले जातात ते इकडे पाच-सात माणसांभोवती गोळा होतात: मुख्यमंत्री, खात्याचा मंत्री, पंतप्रधान आणि त्यांच्या भोवतालची मंडळी. ज्याला काम हवं त्याला तिथे चांगलं बोलावंच लागतं. आडम बोलले.

सोलापूर जिल्ह्यातला दुसरा दबावगट विडी कामगारांच्या उलट टोकाचा आहे. ऊस आणि साखर. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने या जिल्ह्यात आहेत. पाऊस बेभरवशाचा, पण उजनी धरणाचं पाणी आलं आणि माढा, पंढरपूर, माळशिरस, करमाळ्याचं राजकारण उसाभोवती फिरू लागलं. उसाला भाव किती, साखरेची किमान विक्री किंमत किती, इथेनॉलला परवानगी आहे की नाही, निर्यात खुली की बंद, हे सगळं दिल्लीत ठरतं. त्यामुळे साखरेवाल्यांना सरकारजवळ असणं भाग पडतं.

अमेरिकेतही साखर हा जुना, चिवट दबावगट आहे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या रेड नदीच्या खोऱ्यातली 'अमेरिकन क्रिस्टल शुगर' ही बीटापासून साखर करणारी संस्था १९७३ पासून शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था आहे. म्हणजे अकलूजच्या सहकारी साखर कारखान्याची चुलत बहीणच. आयात साखरेवरचे निर्बंध आणि भावाचा आधार टिकावा म्हणून ती आपल्या राजकीय निधीतून दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना देणग्या देते. कोणीही निवडून येवो, तो साखरेच्या बाजूचा असला म्हणजे झालं. सोलापूर जिल्ह्यात उमेदवाराला देणगी देण्याचा प्रश्नच फारसा आला नाही, कारण कारखान्याचा चेअरमन स्वतःच उमेदवार. शंकरराव मोहिते पाटलांनी अकलूजला कारखाना उभा केला, आमदार झाले. त्यांचे चिरंजीव विजयसिंह राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. बबनराव शिंदे यांनी माढ्यात विठ्ठलराव शिंदे कारखाना काढला आणि १९९५ पासून सलग सहा वेळा आमदारकी केली. ऊस तोडायला टोळी कधी येईल हे ज्याच्या हातात, त्याला मत कोणाला द्यायचं हे गावात जाऊन सांगावं लागत नाही.

इथे अमेरिकेच्या तुलनेत एक गोष्ट फार ठळकपणे दिसते. तिकडे डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन ही दोन नावं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तशीच आहेत. कामगार, शेतकरी, दक्षिणेतले गोरे, कृष्णवर्णीय असे गट एका नावाखालून निघून दुसऱ्या नावाखाली गेले. आपल्याकडे कारखाना जागचा हलत नाही, पक्ष बदलतो. मोहिते पाटील घराणं काँग्रेसमध्ये होतं, १९९९ ला राष्ट्रवादीत गेलं, २०१९ मध्ये रणजितसिंह भाजपमध्ये गेले, आणि २०२४ च्या लोकसभेला धैर्यशील मोहिते पाटील शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून माढ्यात उभे राहून भाजपच्या रणजितसिंह नाईक निंबाळकरांना हरवून निवडून आले. पंचवीस वर्षांत चिन्हं बदलली, धुराडं तेच. याला तत्त्वशून्यता म्हणून नाकं मुरडायची सोय आहे, आणि मलाही ती काही वेळा वापरावीशी वाटते. पण गटाच्या बाजूनं पाहिलं तर हे वागणं पुरेपूर सुसंगत आहे.

ज्या शेतकऱ्यांना कारखानदारांचं हे राज्य मान्य नव्हतं त्यांनीही दबावगट काढून पाहिला. शरद जोशींनी शेतकरी संघटना पक्षांपासून दूर ठेवायचं ठरवलं होतं, तरी १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढावाच लागला आणि तो निवडणुकीत रुजला नाही. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे सदाभाऊ खोत २०१४ ला माढ्यात विजयसिंह मोहिते पाटलांविरुद्ध लढले, सुमारे २५ हजार मतांनी हरले, दोन वर्षांनी राज्यमंत्री झाले आणि त्यानंतर त्यांची आणि संघटनेचे नेते राजू शेट्टी यांची ताटातूट झाली. संघटना रस्त्यावर असते तोवर सगळे एका भावासाठी भांडतात. सत्तेत एक खुर्ची मिळाली की ती कोणाची, यावर फुटतात.

सोलापूर शहराच्या कडेला होटगी रस्त्यावर या सगळ्याचा एक नमुना उभा होता: सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंच चिमणी. शेजारीच विमानतळ. चिमणी असेपर्यंत नियमित विमानसेवा नाही, असं विमान खात्याचं म्हणणं. व्यापारी, उद्योजक, नोकरीसाठी मुलं बाहेर गेलेली कुटुंबं आणि 'सोलापूर विकास मंच'सारखी नागरिकांची संघटना एका बाजूला. कारखान्याचे सभासद शेतकरी आणि कामगार दुसऱ्या बाजूला. कुठल्याही पक्षाला यातली एक बाजू उघडपणे घेणं परवडत नव्हतं, कारण दोन्हीकडे त्याचेच मतदार होते. म्हणून पुढारी नोटिसांची, सुनावण्यांची, न्यायालयाची वाट बघत राहिले. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली गेली. मग कारखान्याचे धर्मराज काडादी २०२४ च्या विधानसभेला दक्षिण सोलापुरातून अपक्ष उभे राहिले. महाविकास आघाडीचा अधिकृत उमेदवार उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचा होता, तरी ऐन मतदानाच्या दिवशी काँग्रेसच्या सुशीलकुमार आणि प्रणिती शिंदे यांनी काडादींना पाठिंबा जाहीर केला. निवडून आले भाजपचे सुभाष देशमुख. विमानतळावरून गोव्याची विमानसेवा ९ जून २०२५ ला सुरू झाली.

अमेरिकेत असा तंटा झाला असता तर बहुधा आधीच न्यायालयात गेला असता. तिथे दबावगटांचं तिसरं दार म्हणजे न्यायालय, आणि ते फार वापरलं जातं. आपल्याला वाटतं ही तिकडची चाल. पण स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयात मालमत्तेच्या हक्कावरची अगदी सुरुवातीची लढाई सोलापूरच्याच गिरणीवरून झाली. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले, तेव्हा केंद्र सरकारनं जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला. एका भागधारकानं आव्हान दिलं. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारच्या बाजूनं निकाल दिला. दुसऱ्या एका भागधारकाच्या दाव्यात मात्र १९५३ च्या डिसेंबरात सरकार हरलं. ज्या निकालांमुळे १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती करावी लागली, त्यात हा एक होता. भागधारकांचा गट न्यायालयात जिंकला आणि संसदेत हरला.

राहिली वर्तमानपत्रं. इथे सोलापूरचा इतिहास अभिमानानं सांगावा असा आहे आणि तो तीन प्रकरणांच्या चौकटीत बिलकूल बसत नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, १२ मे ते ३० जून इथे लष्करी कायदा होता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत आणि गिरणी कामगारांतही काम करत. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही लष्करी कायद्यानं तुरुंगात धाडलं. संपादक, कामगार पुढारी आणि चळवळीचा कार्यकर्ता यांच्यात भिंत असावी, असं त्या माणसांना वाटलं नाही. स्वातंत्र्यानंतर रंगाअण्णा वैद्यांनी 'संचार' काढला तेव्हाही वाचकांना संपादकाचं राजकारण ठाऊक होतं आणि ते लपवायची त्याला गरज नव्हती.

अमेरिकेची सुरुवातही अशीच झाली होती. १७९१ मध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी फिलिप फ्रनो या कवीला आपल्या खात्यात अनुवादकाची नोकरी दिली आणि फ्रनोनं 'नॅशनल गॅझेट' काढून जेफरसन यांच्या विरोधकांना, मुख्यतः अलेक्झांडर हॅमिल्टन यांना, झोडपायला सुरुवात केली. हॅमिल्टन यांच्या गटाचं पत्र आधीपासून होतंच. निःपक्ष वार्ताहर ही कल्पना पुढे आली, जाहिरातींवर जगणारी, सर्व पक्षांच्या वाचकांना विकायची वर्तमानपत्रं निघाल्यावर. रेडिओ आणि टीव्हीवर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत असा नियम १९४९ मध्ये झाला, १९८७ मध्ये तो काढून टाकला. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी सुरू झाल्या आणि गाडी पुन्हा फ्रनोच्या वळणावर गेली. फरक इतकाच की फ्रनोला कोणाची भाकरी मिळते हे सगळ्यांना माहीत होतं. महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांच्या जाहिराती बातमीच्या वेषात छापल्या गेल्या, पी. साईनाथ यांनी ते उघड केलं आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी पोचला. उघड पक्षपाती संपादक आणि विकत घेतलेली बातमी यात मला पहिलाच बरा वाटतो.

आणि दूरचित्रवाणीला लागते चेहऱ्याची गोष्ट. १९ जानेवारी २०२४ ला कुंभारीत बोलताना मोदींचा कंठ दाटून आला. लहानपणी अशा घरात राहायला मिळालं असतं तर, असं ते म्हणाले. अयोध्येच्या राममंदिराचा सोहळा तीन दिवसांवर होता. देशभरच्या वाहिन्यांनी तो क्षण दिवसभर दाखवला. दाखवणं चूक नव्हतं. पण ज्या बायका दोन दशकं वर्गणी भरत, मोर्चे काढत, कागद गोळा करत इथवर आल्या, त्यांच्या कष्टाला असा एक क्षण नसतो, म्हणून त्याचं चित्र निघत नाही. मागणी कोणी लावून धरली हे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर राहिलं.

विडीच्या बाबतीत एक गाठ अजून सुटायची आहे, आणि ती सगळ्यात अवघड. मजुरीसाठी कारखानदाराशी भांडणारी विडी कामगार संघटना तंबाखूवरचे निर्बंध आले की त्याच कारखानदाराच्या बाजूला उभी राहते. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्रानं पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा छापायचा आदेश काढला, तो १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. संसदेच्या एका समितीनं तो थांबवायला सांगितलं. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे भाजप खासदार दिलीप गांधी. तंबाखूनं कर्करोग होतो हे दाखवणारा अभ्यास भारतात झालेला नाही, असं ते म्हणाले आणि गदारोळ उठला. समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता होते, त्यांचा विडीचाच धंदा. समितीनं ५० टक्के पुरे म्हटलं, पण माध्यमांत खूप टीका झाली होती, आणि १ एप्रिल २०१६ ला ८५ टक्क्यांचा नियम अमलात आला. याच प्रश्नावर अमेरिकेत सिगारेट कंपन्यांनी समितीचं नव्हे, न्यायालयाचं दार ठोठावलं आणि चित्रांची सक्ती हा आमच्या भाषणस्वातंत्र्यावरचा घाला आहे असं सांगून २०१२ मध्ये खटला जिंकला. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं तंबाखू कायद्याखालचा विक्रीबंदीचा अधिकार पहिल्यांदा वापरला, तो मोठ्या सिगारेट कंपनीवर नव्हे, तर एका छोट्या कंपनीच्या आयात विड्यांवर.

भारतात विडीचं पारडं याच्या उलट जड आहे. तिच्यामागे कारखानदार आहेत, तेंदूपत्ता गोळा करणारे आदिवासी आहेत आणि लाखो विडी कामगार बायका आहेत, तेव्हा कुठलंही सरकार तिच्यावर सिगारेटएवढा कर बसवायला धजत नाही. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेनं सिगारेट आणि गुटख्यासाठी ४० टक्के दर ठरवला. विडीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणि तेंदूपत्त्याचा १८ वरून ५ टक्क्यांवर आणायचं ठरलं. विडीवरच्या ज्या खास उपकरातून या बायकांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांसाठीचं अनुदान चालायचं, तो मात्र २०१७ मध्ये जीएसटी येताना रद्द झाला होता, आणि त्याच्याबद्दल या बैठकीत काही ठरलं नाही.